दुसऱ्याचे पोलाद, आपले नाव

जिम कॉर्बेट यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागत नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल त्यांना जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीची होती. पेढी लंडनची, नळीवर नाव रिग्बीचे, काडतुसाचे नावही ‘.२७५ रिग्बी’. प्रत्यक्षात ते काडतूस म्हणजे जर्मनीच्या माउझर कारखान्याचे ७ बाय ५७ मिलिमीटरचे काडतूस, इंग्रजी मापात नव्याने बारसे झालेले. रायफलीचा गाभा, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात मागेपुढे सरकतो ती पोलादी चौकट (बंदुकीच्या धंद्यात हिला अ‍ॅक्शन म्हणतात), तोही माउझरच्याच ओबर्नडॉर्फ गावातून आलेला. यात लपवाछपवी काही नव्हती. माउझरची अ‍ॅक्शन आहे, हे त्या काळच्या जाणत्या शिकाऱ्याला ठाऊक असे आणि तो त्यासाठी आनंदाने जास्त पैसे मोजत असे. रिग्बींचे काम उरले ते नळी बसवण्याचे, अक्रोडाचा दस्ता घडवण्याचे, निशाण जुळवण्याचे, रायफल चालवून पाहण्याचे आणि शेवटी तिच्यावर आपले नाव कोरून तिची हमी घेण्याचे. गिऱ्हाइकाच्या मापाने आणि मर्जीने एकेक रायफल घडवणारा छोटा कारागीर आणि त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने यांचे नाते हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्या नात्यातले सगळे पेच कॉर्बेट यांच्या त्या एका रायफलीत आधीच हजर आहेत.

आज हा धंदा सर्वात जास्त फोफावला आहे तो अमेरिकेत. तिथला छोटा रायफल-कारागीर म्हणजे बहुधा एक शेड, एक चांगली लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक-दोन माणसे. अ‍ॅक्शन एका राज्यातून येते, नळी दुसऱ्या, दस्ता तिसऱ्या, ट्रिगर चौथ्या. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार या सगळ्यांत ‘बंदूक’ ठरते ती फक्त अ‍ॅक्शनची चौकट. तिच्यावरच अनुक्रमांक असतो आणि परवानाधारकाच्या नोंदवहीत तिचीच नोंद होते. नळी, दस्ता, ट्रिगर साध्या पार्सलने येतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागच नव्हे, तर ते बनवण्याची यंत्रेही घातली आहेत, त्यामुळे सुट्या भागांचा असा खुला बाजार इथे उभा राहणे शक्यच नव्हते. अमेरिकेत तो उभा राहिला आणि त्याच्या आधारावर शेकडो छोटी वर्कशॉप जगली. या कारागिरांविषयी जे लिहिले जाते त्यात हातातल्या कसबाचे कौतुक फार असते. ते कौतुक योग्यच आहे, पण त्यातून धंद्याचे अर्धेच चित्र दिसते. माझे म्हणणे असे की छोट्या कारागिराचे स्वातंत्र्य त्याच्या कसबावर ठरत नाही. तो ज्या भागावर आपली रायफल उभारतो त्या भागाचे ड्रॉइंग एका कंपनीच्या कपाटात आहे की बाजारात सर्वांच्या हाती आहे, यावर ते ठरते. कोल्हापूरच्या किंवा पिंपरीच्या जॉबवर्क करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रिग्बी आणि माउझर यांची गोष्ट पुढे काय वळण घेते ते पाहा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर माउझर म्हणजे देशोदेशींच्या सैन्यांना लाखांनी रायफली पुरवणारा कारखाना. तरीही लंडनच्या एका छोट्या पेढीच्या मागणीवरून त्याने लांब काडतुसांसाठी मोठ्या मापाची, मॅग्नम म्हणून ओळखली जाणारी अ‍ॅक्शन काढली, आणि १९१२ पर्यंत ब्रिटनमधला त्याचा माल रिग्बींच्या हातून जात राहिला. म्हणजे रिग्बींच्या बाजूने काहीच वजन नव्हते असे नाही: आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात शिकारीला जाणारे श्रीमंत इंग्रज गिऱ्हाईक त्यांच्या दाराशी येत होते, आणि ते दार माउझरला हवे होते. १९११ साली रिग्बींनी आपले ‘.४१६’ काडतूस याच मॅग्नम अ‍ॅक्शनच्या भरवशावर आणले. तीन वर्षांत महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन माल बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ओबर्नडॉर्फ फ्रेंचांच्या ताब्यातील भागात गेले आणि कारखान्याची यंत्रसामग्रीच उखडली गेली. ‘.४१६ रिग्बी’ला साजेशी अ‍ॅक्शन मिळवण्यासाठी पुढे चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या अ‍ॅक्शनचा आधार घ्यावा लागला. साठच्या दशकात किनॉक कंपनीने अशा काडतुसांचे उत्पादन थांबवले, तेव्हा दुसरी दोरीही तुटली. या सगळ्या काळात रिग्बींच्या कारागिरांचे हात काही बिघडले नव्हते. त्यांच्याकडे कसब होते, नाव होते, गिऱ्हाईक होते. नव्हती ती फक्त एक पोलादी चौकट, जिची मापे आणि यंत्रे दुसऱ्याची होती. माउझरची मॅग्नम अ‍ॅक्शन रिग्बींकडे परत आली ती त्यांची पेढी २०१३ मध्ये माउझरचीच मालकी असलेल्या जर्मन उद्योगसमूहाने घेतल्यावर. पुरवठादाराशी असलेले नाते कायमचे पक्के करायचा एक मार्ग म्हणजे त्याच्याच घरात जाणे, असाही याचा अर्थ लावता येईल. पण तो छोट्या कारागिराचा मार्ग नव्हे.

रॉय वेदरबी यांनी वेगळी वाट काढली. १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या साउथ गेट इथे त्यांनी धंदा सुरू केला तो बेल्जियमच्या एफएन कारखान्याच्या माउझर धर्तीच्या आणि मिळतील त्या इतर अ‍ॅक्शन घेऊन. त्यांची काडतुसे जास्त वेगाची आणि जास्त दाबाची होती, आणि दुसऱ्याच्या अ‍ॅक्शनमध्ये त्यांना हवी तशी खात्री मिळेना. १९५८ मध्ये त्यांनी मार्क फाइव्ह ही स्वतःची अ‍ॅक्शन बाजारात आणली, बोल्टला नऊ लग, म्हणजे त्याला जागी अडकवून धरणारे दात, असलेली. वाचकाने इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वेदरबींनी अवाढव्य कारखाना उभारला नाही. मार्क फाइव्ह काही काळ जर्मनीच्या साउअरने बनवली, पुढे जपानच्या होवाने, नंतर ती अमेरिकेत बनू लागली. त्यांनी मिळवले ते यंत्र नव्हे, ड्रॉइंग. यंत्रवाला बदलता येतो. ड्रॉइंग दुसऱ्याचे असेल तर बदलायला जागाच नसते. मात्र वेदरबी त्या वेळेपर्यंत छोटे उरले नव्हते. हॉलिवूडमधली आणि राजघराण्यांतली गिऱ्हाइके त्यांच्याकडे होती, आणि नवी अ‍ॅक्शन काढण्याचा खर्च पेलण्याइतका व्याप होता. वर्षाला वीस-तीस रायफली घडवणाऱ्याने हा कित्ता गिरवावा असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

त्याच्यासाठी तिसरी वाट निघाली, आणि ती कोणी ठरवून काढलेली नव्हती. १९४८ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ७२१ आणि ७२२ या रायफली आणल्या आणि १९६२ मध्ये त्यांचाच सुधारलेला अवतार म्हणून मॉडेल ७००. त्यांच्या मागचे प्रमुख डोके माइक वॉकर यांचे. उत्पादन स्वस्त पडावे म्हणून चौकट गोल ठेवली, पोलादाच्या गोल सळीतून लेथवर कापता येईल अशी. धक्का पेलणारा लग चौकटीतून कोरून न काढता वेगळ्या चकतीसारखा करून नळी आणि चौकट यांच्यात दाबून बसवला. जुन्या वळणाच्या कारागिरांनी याला हिणकस मानले. माउझर ९८ च्या खोदीव पोलादापुढे ते दिसायलाही साधेच. पण कारखान्याची ही काटकसर छोट्या कारागिराच्या पथ्यावर पडली. गोल वस्तू लेथवर धरता येते. तिचे तोंड, आटे आणि बोल्टचे लग एका अक्षावर आणता येतात. या कामाला तिकडे ब्लूप्रिंटिंग म्हणतात. गोल चौकट दस्त्यात बसवणेही सोपे. कित्येक वर्षे कारागीर दुकानातून अख्खी नवी ७०० विकत घेत, नळी आणि दस्ता काढून मिळेल त्या भावाला विकून टाकत, आणि उरलेल्या अ‍ॅक्शनवर आपली रायफल उभारत. १९६६ नंतर अमेरिकेच्या मरीन कोअरची एम ४० आणि १९८८ नंतर लष्कराची एम २४ या दोन्ही नेमबाज रायफली याच अ‍ॅक्शनवर बेतल्या गेल्या, तेव्हा तिच्या मापाचे दस्ते, ट्रिगर, दुर्बिणीच्या पट्ट्या बनवणाऱ्यांची रांगच लागली. मग टेक्सासच्या स्टिलर, ओक्लाहोमाच्या सर्जन, मोंटानाच्या डिफायन्स अशा मशीन शॉपनी त्याच बाह्य मापाच्या, पण कितीतरी नेमक्या अ‍ॅक्शन स्वतः कापायला सुरुवात केली. आतली रचना ज्याची त्याची. स्क्रूची अंतरे, ट्रिगरची जागा आणि बाहेरचा घेर मात्र रेमिंग्टनचा.

या मापांची ताकद रेमिंग्टन स्वतः कोसळली तेव्हा दिसली. १८१६ पासून चालत आलेली ही कंपनी २००७ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक संस्थेच्या हाती गेली, २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि २०२० मध्ये पुन्हा गेली ती तुकड्या-तुकड्यांनी विकली जाण्यासाठीच: तिच्याकडचा मार्लिन हा बंदुकांचा ब्रँड रुगर कंपनीने घेतला, काडतुसांचा धंदा व्हिस्टाने, रायफलींचा भाग राउंडहिल गटाने. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा मूळ कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. १९४५ मध्ये ओबर्नडॉर्फ उखडले गेले तेव्हा लंडनच्या कारागिरांवर जी वेळ आली, ती या वेळी अमेरिकी कारागिरांवर यायला हवी होती. ती आली नाही. ७०० च्या मापाच्या अ‍ॅक्शन, दस्ते, ट्रिगर, मॅगझिन बनवणारे कितीतरी जण आधीच उभे होते, आणि त्यांतल्या कोणालाही इलियनची परवानगी लागत नव्हती. मॅगझिनचे माप तर चक्क इंग्लंडच्या अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनलचे, तेही असेच हळूहळू सर्वांचे झालेले. कंपनी संपली आणि माप उरले. छोट्या कारागिराला पुरवठादार प्रामाणिक आहे की नाही याची काळजी असतेच. पण उद्या तो पुरवठादार नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे तोच खरा स्वतंत्र, असे मी म्हणतो ते या पुराव्यावर.

यावर धंद्यातला जाणता माणूस लगेच नळीकडे बोट दाखवील. नळीचे माप कोणाच्या मालकीचे नाही. कोरी नळी म्हणजे भोक पाडून आतल्या खाचा कापलेली पोलादाची दांडी. आटे आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, कारागीर स्वतः कापतो. तरीही त्याची सगळ्यात मोठी अडचण नळीचीच असते. चांगल्या नळ्या करणारे मोजके: विस्कॉन्सिनमध्ये बूट्स ओबरमेयर यांच्या परंपरेतून आलेले क्रीगर, तिथलेच बार्टलिन, मोंटानाचे लिल्या, टेक्सासचे शिलेन, न्यूयॉर्कचे हार्ट, आणि अजून काही. क्रीगर आणि बार्टलिन खाचा एका छोट्या कटरने कापतात, दर फेरीला इंचाचा जेमतेम दहाहजारावा भाग सोलत. हे काम घाईने होत नाही आणि त्याची यंत्रेही एका दिवसात वाढवता येत नाहीत. मागणी उसळली की छोट्याची ऑर्डर मागे पडते, कारण शेकड्यांनी घेणारी कंपनी आणि चार नळ्या मागणारा कारागीर एकाच रांगेत असले तरी एकाच तोलाचे नसतात. २०२० मध्ये अमेरिकेत बंदूक खरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासण्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या, तेव्हा ही रांग किती लांबली असेल याची कल्पना करता येते. त्यातून नळीचे पोलादही मोजक्याच गिरण्यांचे. ४१६ आर हे स्टेनलेस ज्या क्रूसिबल कंपनीने नळ्यांसाठी म्हणून नावारूपाला आणले, ती २००९ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. वाट पाहावी लागणे आणि बांधले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट पाहण्यावर पैशाने आणि नियोजनाने उपाय होतो. शहाणा कारागीर दोन-तीनच जाडीच्या आणि दोन-तीनच पिळाच्या नळ्या ठरवून ठेवतो, गिऱ्हाईक येण्याआधी डझनाने मागणी नोंदवतो, विसार देतो, बिल वेळेवर भागवतो, आणि एका कारखान्याने उशीर केला तर दुसऱ्याची नळी त्याच लेथवर, चेंबर कापण्याच्या त्याच रीमरने कापतो. भांडवल अडकते खरे. पण ज्याचे भांडवल अडकते त्याला ते सोडवता येते. ज्याचे ड्रॉइंगच दुसऱ्याकडे आहे त्याला पैसे देऊनही सुटता येत नाही. नळीच्या व्यवहारात जो खरा काच आहे तो वेगळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते. कोऱ्या नळीत दोष निघाला तर चांगला कारखाना बहुधा तक्रार न करता नवी नळी देतो, पण ती बसवण्याची मजुरी देत नाही. कारागिराने लेथवर घातलेला वेळ, चेंबर कापताना झिजलेला रीमर, गिऱ्हाइकाचा गेलेला हंगाम हे सगळे त्याच्याच अंगावर. म्हणून जुने कारागीर नळी आली की आधी बोअरस्कोप घालून आतून बघतात, घासून गुळगुळीत करताना दोन्ही टोकांना पडलेला फुगीर भाग कापून टाकतात, आणि मगच कामाला हात घालतात. कारखान्यावर विश्वास ठेवूनही तपासणे हा अविश्वास नव्हे. कारखान्यांनाही, निदान भल्या कारखान्यांना, असे गिऱ्हाईक आवडते, कारण त्याची तक्रार मापासह येते.

दुसरा आक्षेप भाबडा वाटतो, पण तो वारंवार ऐकू येतो: भाग विकत आणून जोडणारा कसला कारागीर? बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरचा इतिहास ज्याने चाळला आहे त्याला याचे उत्तर शोधावे लागणार नाही. तिथे एकोणिसाव्या शतकातच नळी एकाची, लॉक दुसऱ्याचे, दस्ता तिसऱ्याचा, नक्षी चौथ्याची, आणि नाव भलत्याच पेढीचे अशीच रीत होती. शिंप्याने कापड विणले नाही म्हणून त्याने शिवलेल्या अंगरख्याला कोणी नावे ठेवत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो माझ्या युक्तिवादाच्या पोटातूनच निघतो. माप सर्वांचे झाले की कारागीर पुरवठादारापासून मोकळा होतो, हे खरे; पण मग गिऱ्हाईकही कारागिरापासून मोकळे होते. सॅव्हेज कंपनीच्या १९५८ च्या मॉडेल ११० मध्ये नळी एका नटाने पकडली जाई, त्यामुळे हौशी माणूस घरी पाना घेऊन नळी बदलू शके. आता नव्या अ‍ॅक्शन इतक्या नेमक्या कापल्या जातात की नट नसतानाही नळीचा कारखाना ड्रॉइंगवरून आटे आणि चेंबर आधीच कापून ‘प्रीफिट’ नळी थेट गिऱ्हाइकाला विकतो. क्रीगर, शिलेन असे कारखाने चेंबर कापून देण्याचे काम करतातच. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच शेजारचा दुकानदार. तसा अमेरिकी सरकारी नियमांनी कारागिराला थोडा आडोसा दिला आहे: वर्षाला पन्नासपेक्षा कमी बंदुका बनवणाऱ्याला २००५ पासून अकरा टक्क्यांचा केंद्रीय अबकारी कर माफ आहे (हा पैसा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीव संवर्धनाकडे जातो). पण करमाफीवर धंदा जगत नाही, आणि पन्नासाव्या रायफलीच्या अलीकडे थांबण्याचा मोह तर ती वाढवतेच.

तरीही प्रीफिट नळी कारागिराला संपवील असे मला वाटत नाही, कारण ती एक गोष्ट विकत नाही: जबाबदारी. रेमिंग्टनच्या जुन्या वॉकर ट्रिगरची कथा इथे बोलकी आहे. बोट न लावता रायफल उडाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या, कंपनीने दोष नाकारला, आणि अखेर २०१८ मध्ये सामूहिक दाव्याची तडजोड कायम होऊन ट्रिगर बदलून देण्याची पाळी आली. वॉकर ट्रिगरच्या जागी आलेला एक्स-मार्क प्रो ट्रिगरही २०१४ मध्ये परत मागवावा लागला होता. चांगले कारागीर या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून कंपनीचा ट्रिगर काढून टिम्नी किंवा ज्युवेलचा बसवत होते. हा निवाडा कोणत्याही सुट्या भागाच्या कारखान्याने गिऱ्हाइकासाठी केला नसता. तो अ‍ॅक्शन, नळी, ट्रिगर, काडतूस एकत्र पाहणाऱ्यानेच करायचा असतो. प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत बिनचूक असतो आणि चारही मर्यादा एकाच दिशेने साठल्या की रायफल बिघडते. त्या वेळी चौघे चार ड्रॉइंग दाखवतात; नाव ज्याचे कोरले आहे तो एकटाच गिऱ्हाइकासमोर उभा असतो.

शस्त्रांविषयी लिहिताना या मालाच्या परिणामांकडे डोळेझाक करता येत नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील सँडी हुकच्या शाळेतील हत्याकांडानंतर, म्हणजे २०१३ च्या सुरुवातीला, आणि पुन्हा २०२० मध्ये मागणी उसळली ती नेमबाजीच्या आवडीने नव्हे, भीतीने आणि कायदे कडक होतील या धास्तीने. छोट्या कारागिराच्या रांगेत ती भीती उभी आहे, त्याने बनवलेली रायफल फक्त कागदावर गोल पाडत असली तरी. हे पुस्तक तो प्रश्न सोडवत नाही, आणि सोडवण्याचा आवही आणत नाही. दुसरीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून रायफल हा विषय आपल्याकडे कुतूहलाने वाचला जातो. त्या प्रकारातल्या रायफली युरोपातल्या मोजक्या, अनेकदा लहान कारखान्यांतूनच येतात.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या, किंवा त्याच धर्तीच्या दुसऱ्या कोणत्याही जुळवणीच्या धंद्यात असलेल्या वाचकाला माझे सांगणे एवढेच: जो भाग एकाच जागी मिळतो त्याच्यावर आपले नाव कोरू नका, आणि जो दहा जागी मिळतो तो तपासल्याशिवाय कोरू नका.